पन्हळीत पडणारा थेंब: हायब्रिड इन्फ्लेशनचा नकाशा घरच्या लॅपटॉपवर कसा काढावा

आमच्या गुहागरच्या वाडीत शिंपणासाठी पोफळीचीच पन्हळ असायची. खोड मधोमध चिरायचं, गाभा कोरून काढायचा आणि रहाटाचं पाणी त्यातून झाडाझाडापर्यंत न्यायचं. लहानपणी मी लांब उभी राहून तांब्यानं त्या पन्हळीवर पाणी फेकायचे. बरंचसं सांडायचं, आजी ओरडायची. पण थोडं पाणी काठावर आपटून, डचमळून, शेवटी पन्हळीतच वाहायला लागायचं. पुढे कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, आणि निवृत्तीनंतर हेच पाणी मला पुन्हा भेटलं.

इन्फ्लेशन म्हणजे इथे महागाई नव्हे. विश्वाच्या अगदी सुरुवातीला अवकाश प्रचंड वेगानं फुगलं, ही कल्पना. विश्व सगळीकडे इतकं सारखं आणि इतकं सपाट का, याचं उत्तर म्हणून अ‍ॅलन गुथ यांनी ती १९८१ मध्ये मांडली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंद्रे लिंडे यांनी तिचा दोन क्षेत्रांचा प्रकार दिला, तो हायब्रिड. क्षेत्र म्हणजे अवकाशात प्रत्येक ठिकाणी एक किंमत असलेली राशी; इथल्या दोघांची नावं फाय आणि साय. या दोन किमतींनुसार ऊर्जा किती, ते उंचीनं दाखवलं की ऊर्जेचा नकाशा होतो, आणि साय शून्यावर असतो तिथे त्या नकाशात एक लांब, जवळजवळ सपाट पन्हळ असते. फाय तीतून सावकाश घसरतो आणि तेवढा वेळ विश्व फुगत राहतं. फाय एका ठरावीक किमतीखाली गेला की पन्हळीच्या तळालाच पोक येतं, साय डावीकडे किंवा उजवीकडे कोसळतो आणि फुगणं संपतं.

आता दुखणं. पन्हळ अरुंद, बाजू उभ्या. १९९८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ टेट्राडिस यांनी आणि २००० मध्ये मेंडिस व लिडल यांनी हिशेब केला, तेव्हा असं दिसलं की क्षेत्रं जवळपास पन्हळीतच सुरू झाली तर ठीक, बाहेर यशस्वी जागा सापडतात त्या तुरळक, सुट्या सुट्या ठिपक्यांसारख्या. म्हणजे सुरुवातीची काटेकोर जुळवाजुळव टाळायला आणलेल्या सिद्धान्तालाच काटेकोर सुरुवात हवी. हे खरं की खोटं, ते स्वतः तपासता येतं: फाय-सायच्या प्रत्येक सुरुवातीसाठी पुरेसं फुगणं होतं का, ते पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांनी दाखवणारा नकाशा काढून. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर एक रविवार पुरे.

आधी ऊर्जेचं सूत्र लिहा. तीन पदं आहेत: एक वजा साय वर्ग भागिले एम वर्ग, या सगळ्याचा वर्ग, अधिक फाय वर्ग भागिले म्यू वर्ग, अधिक फाय वर्ग गुणिले साय वर्ग, भागिले न्यूचा चौथा घात. एम, म्यू आणि न्यू हे पन्हळीचा आकार ठरवणारे स्थिर आकडे. या सगळ्याच्या बाहेरचा गुणक १ धरा. त्यानं घड्याळाचं एकक तेवढं बदलतं, नकाशा नाही. प्लांक वस्तुमान (इथलं मोजण्याचं एकक) १ मानून एम ०.०३, न्यू ०.०३ आणि म्यू ६३६ ठेवा. पोक येण्याची जागा म्हणजे दोनचं वर्गमूळ गुणिले न्यू वर्ग भागिले एम. ती ०.०४२ च्या आसपास येते. तुमची वेगळी येत असेल तर पुढे जाऊ नका, सूत्र लिहितानाच चुकलंय.

मग गती. प्रत्येक क्षेत्राचं त्वरण म्हणजे उणे उतार, उणे तीन गुणिले एच (विश्वाच्या फुगण्याचा दर) गुणिले त्या क्षेत्राचा वेग. हे दुसरं पद म्हणजे विश्वाच्या फुगण्याचं घर्षण. एचचा वर्ग म्हणजे ८ गुणिले पाय (३.१४) भागिले ३, गुणिले एकूण ऊर्जा, आणि एकूण ऊर्जेत दोन्ही क्षेत्रांची गतिज ऊर्जाही धरायची. आणखी एक राशी सोबत मोजत चला: एचची काळावर बेरीज. ती ६० झाली की विश्वाची लांबी-रुंदी सुमारे एकावर सव्वीस शून्यं इतकी पट वाढली. आपल्याला तेवढं बस.

इथे मी पहिल्यांदा आपटले. घड्याळ म्हणून काळाऐवजी हीच बेरीज वापरली तर समीकरणं देखणी होतात, म्हणून मी ती वापरली. पण त्यात ऊर्जेनं भागावं लागतं आणि खड्ड्याच्या तळाशी ती शून्य होते. सकाळी उठून पाहते तो अर्धा नकाशा 'संख्या नाही' अशा शेऱ्यांनी भरलेला. साधा काळच वापरा.

थांबायचे नियम दोनच. बेरीज ६० झाली, तर तो बिंदू पांढरा. एकूण ऊर्जा १ च्या खाली गेली, तर काळा, कारण पन्हळीच्या तळाची उंचीच किमान १ आहे. त्याखाली गेलेला थेंब, म्हणजे नकाशावर घरंगळणारी फाय-सायची जोडी, पुन्हा वर येऊ शकत नाही. (हा दुसरा नियम थोडा घाईचा आहे. कोसळणं दर वेळी झटक्यातच होतं असं नाही, हे सेबास्तियन क्लेस यांनी २०१० मध्ये दाखवलं. पहिल्या नकाशापुरतं चालवून घ्या.)

दोन्ही क्षेत्रं शून्यापासून ०.२ पर्यंत घ्या, सुरुवातीचे वेग शून्य. आधी ५० गुणिले ५० ची जाळी लावा, चहा होईपर्यंत निघते. ४०० गुणिले ४०० रात्री लावून झोपा. पण जाळी नेमक्या शून्यापासून सुरू करू नका. साय अचूक शून्य दिला तर कॉम्प्युटर तो जन्मभर शून्यच ठेवतो; पोक आलं तरी थेंब त्याच्या माथ्यावर तोल सांभाळून बसतो. माझ्या पहिल्या चित्रात एका कडेला अशी सुंदर पांढरी रेघ आली होती. दोन दिवस मी तिच्यावर खूश होते. अर्धं घर सरकून सुरू करा.

आणखी एक पडताळा: एकूण ऊर्जा फक्त घटली पाहिजे. कुठे वाढताना दिसली तर पावलं मोठी पडताहेत. अचूकतेची मर्यादा दहा पट कडक करा.

चित्र उघडलं की पन्हळ ओळखू येईल: साय शून्याजवळची पांढरी पट्टी. पण नजर बाहेर न्या. दूरवर पांढऱ्या नागमोडी पट्ट्या आणि ठिगळं दिसतील, सुटे ठिपके नव्हेत. त्यातला एक बिंदू निवडून त्याचा मार्ग काढा, इथे घाई करू नका. थेंब वरून सुसाट येतो, पन्हळ ओलांडतो, समोरच्या भिंतीवर चढतो, परततो. प्रत्येक फेरीत घर्षण वेग खातं. काही उसळ्यांनंतर तो पन्हळीच्या वरच्या भागात चढून तिथेच दमतो आणि मग मुकाट्यानं सावकाश खाली येतो. माझ्या तांब्यातलं पाणी ते हेच.

क्लेस आणि रोशे यांनी २००९ च्या सुमारास हेच नीट मोजलं. अशा मर्यादित जाळीत सुमारे १५ टक्के सुरुवाती यशस्वी निघाल्या, बहुतेक पन्हळीबाहेरच्या आणि सलग नक्षीत गुंफलेल्या. त्यानंतर रिंगेव्हाल यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की त्या नक्षीच्या कडा फ्रॅक्टल आहेत, म्हणजे कितीही जवळून पाहिलं तरी त्यांत आणखी बारीक नक्षी निघत राहते. म्हणून कडेवरच्या एकेका बिंदूवर विश्वास ठेवू नका. अचूकता बदलली की तो रंग बदलतो. ठिगळाचं क्षेत्रफळ मात्र टिकतं.

एका माजी विद्यार्थ्याला हा आकडा सांगितला तर तो म्हणाला, "मॅडम, पस्तीसला पास. पंधरा म्हणजे नापासच की!" मी त्याला म्हटलं, परीक्षा जुळवाजुळवीची आहे. लाखात एक आलं असतं तर नापास; सातातलं एक आलं तर मी तरी तक्रार करणार नाही.

तक्रार दुसरीच आहे. हे १५ टक्के कशाचे? जाळीतलं प्रत्येक घर सारखंच शक्य, हे आपण ठरवलं, निसर्गानं नव्हे. शिवाय या प्रोग्रॅममध्ये अवकाश सगळीकडे एकसारखं धरलंय, आणि ते एकसारखं का, हेच तर सांगायला इन्फ्लेशन आणलं होतं. आणि पन्हळीतून निवांत येणाऱ्या साध्या हायब्रिडमध्ये घनतेच्या चढउतारांचा निर्देशांक (लहान-मोठ्या पल्ल्यांवर ते कसे बदलतात, ते सांगणारा आकडा) १ च्या वर जातो, तर प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालांत तो ०.९६५ च्या आसपास आहे. म्हणजे पन्हळीत पडलेला थेंबही आपल्या विश्वाचा असेलच असं नाही.

वेग शून्य धरण्याचं तर काहीच कारण नाही. पुढच्या रविवारी दोन्ही क्षेत्रांना सुरुवातीलाच धक्का देऊन तीच जाळी पुन्हा लावा आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. ठिगळं कुठे सरकतात ते मी मुद्दामच सांगत नाही.