ऑफिसने मेडिकलला पाठवलंय? आधी अर्ज द्या

अपघात झाला, लकवा मारून गेला, नजर कमी झाली की कामावर परत गेल्यावर साहेब म्हणतात आधी मेडिकल करून या, आणि माणूस तिथेच हबकतो की गेली आता नोकरी. घाबरू नका, पण मेडिकलला जायच्या आधी तुमचा अर्ज ऑफिसात पडलाच पाहिजे.

अर्जात आजाराचं पुराण नको. कुठलं काम जमतं, कुठलं जमत नाही आणि काय मिळालं तर जमेल एवढंच लिहा, म्हणजे तळमजल्यावर टेबल, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), फिजिओथेरपीच्या दिवशी बदललेली शिफ्ट असं नेमकं, आणि "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 प्रमाणे वाजवी सोयीसुविधा" हे शब्द टाकाच. शिक्क्यासह पोच घ्या. 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणा मगच बघू असं कोणी म्हणालं तर सांगा, 2021 च्या विकास कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने अशा सोयींसाठी 40 टक्क्यांची अट लागत नाही असं म्हटलंय. (आरक्षणाला मात्र ती अट आहे.)

मेडिकल कशासाठी, कुठे, हे लेखी मागा. जाताना रोजच्या कामाचा कागद सोबत न्या, कारण डॉक्टरांना तुमचं काम माहीत नसतं, ते नुसतं "अनफिट" लिहून मोकळे होतात आणि पुढे सगळं त्या एका शब्दावर अडतं. कोणतं काम करू शकतो तेही लिहा अशी विनंती करा, रिपोर्टची कॉपी घ्या.

सरकारी, महामंडळ, महापालिकेची नोकरी असेल आणि दिव्यांगत्व नोकरीत असताना आलं असेल तर याच कायद्याचं कलम 20(4) पाठ करून ठेवा: कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, आणि पदच नसेल तर अधिसंख्य पदावर, म्हणजे खास तयार केलेल्या जादा पदावर ठेवायचं. म्हणून राजीनामा किंवा व्हीआरएसच्या कागदावर दबावाखाली सही अजिबात करू नका, कितीही गोड बोलले तरी!

खासगीत हे कलम लागू नाही, तिथे लढाई अवघड आहे हे खरं. पण समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला करावंच लागतं, आणि 20 किंवा जास्त माणसं असतील तर त्यात सोयी आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीचा संपर्क अधिकारी दोन्ही लिहिलेले हवेत. एचआरकडे त्याची कॉपी मेलवर मागा.

उत्तर नाही आलं तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा, केंद्राचं ऑफिस असेल तर दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे, सोबत अर्जाची पोच आणि रिपोर्ट जोडून.