सिबिल स्कोअर सुधारून देणाऱ्या एजन्सीला पैसे द्यायचे का? ठरवण्याआधी हे तपासा

कर्ज नाकारले गेले की ‘महिन्यात स्कोअर ७५०’ अशा जाहिराती नेमक्या दिसू लागतात. फोन केला की आगाऊ फी मागतात. ती देण्याआधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि कार्डांच्या फेडीचा लेखाजोखा, काढा आणि बाजूला पेन घेऊन बसा. पैसे द्यायचे की नाही, याचे उत्तर त्या रिपोर्टमध्येच असते.

रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चारच क्रेडिट माहिती कंपन्या ही फेडीची माहिती ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने तुम्हाला वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच, असा नियम २०१७ पासून आहे. वेबसाइटवर पैसे भरायचे प्लॅन आधी दिसतात. फुकट रिपोर्टची लिंक शोधून तीच घ्या. चारही रिपोर्ट काढा, कारण एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. स्कोअर घसरू शकतो तो कर्जासाठी ठिकठिकाणी अर्ज केल्याने.

आता प्रत्येक खात्यासमोर खूण करा: नोंद खरी की चुकीची. डीपीडीचा (डेज पास्ट ड्यू, म्हणजे उशिराचे दिवस) तक्ता नीट पाहा. त्यात मागच्या ३६ महिन्यांपर्यंत हप्त्याला किती दिवस उशीर झाला ते महिन्यागणिक दिसते. ‘०००’ म्हणजे वेळेवर, ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर. ‘एक्सएक्सएक्स’ दिसले तर घाबरू नका, त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. मग खात्याची स्थिती पाहा. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेड. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून खाते मिटवले. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने ते बुडीत धरले.

चुका ठरावीक प्रकारच्या असतात. फेडलेले कर्ज चालू दिसते, एकच कर्ज दोनदा दिसते, नावात किंवा पॅनमध्ये साम्य असलेल्या दुसऱ्याचे खाते तुमच्या नावावर येते. बंद केले असे वाटणारे क्रेडिट कार्डही इथे फार सापडते: ५०० रुपये वार्षिक फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये लागतात, मग दंड आणि व्याज चढत जाते आणि रिपोर्टमध्ये ‘ओव्हरड्यू’ म्हणजे थकबाकी उभी राहते. तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल, तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टमध्ये दिसते. ती चूक नव्हे.

खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. क्रेडिट माहिती कंपनी स्वतःच्या मर्जीने नोंद बदलत नाही. बँकेने दुरुस्ती कळवली तरच बदलते. मग एजन्सी करते काय? बरेचदा सगळ्या वाईट खात्यांवर सरसकट वाद, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, नोंदवते. काही दिवस खात्यासमोर ‘वाद चालू’ असा शेरा दिसतो, ग्राहकाला वाटते काम झाले. बँक नोंद बरोबर असल्याचे कळवते आणि शेरा निघून जातो. तोवर फी गेलेली असते. दुसरा प्रकार याहून महाग पडतो: एजंट थकबाकीवर घासाघीस करून सेटलमेंट करून देतो आणि ‘खाते बंद झाले’ म्हणतो. रिपोर्टमध्ये मात्र ‘सेटल्ड’ लागते आणि पुढचा कर्ज देणारा ते पाहून मागे सरतो. पैसे असतील तर पूर्ण थकबाकी भरा, काहीही देणे उरले नसल्याचे नो ड्यूज प्रमाणपत्र घ्या आणि ‘क्लोज्ड’ कळवायला लेखी सांगा. आधीच सेटल झालेल्या खात्याची सोडलेली रक्कम भरून स्थिती बदलून द्याल का, हेही बँकेला विचारून पाहा.

चुकीची नोंद दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही. संबंधित कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करून वाद नोंदवा आणि मिळालेला क्रमांक जपा. त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. मजकूर छोटा ठेवा: ‘खाते क्रमांक अमुक, या तारखेला पूर्ण फेड, नो ड्यूज प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. चारही कंपन्यांना दुरुस्त माहिती कळवावी.’ एका तक्रारीत एकच खाते घ्या. पाच खाती एकत्र लिहिली की उत्तर एकाचेच येते.

तक्रार ३० दिवसांत सुटली पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेचे, उरलेले क्रेडिट माहिती कंपनीचे. मुदत उलटली तर ज्यांच्याकडून उशीर झाला त्यांनी तुम्हाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणजे तक्रार ४५ व्या दिवशी सुटली तर १,५०० रुपये. ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख जरूर करा. दुरुस्तीची मागणी फेटाळली तर कारण देणेही बँकेवर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जा. तेही फुकट आहे. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो.

थोडक्यात, एजन्सी विकते ती पत्रे लिहिण्याची मेहनत. तेवढ्यासाठी पैसे देणे कधी योग्य ठरते? तुमच्या कागदपत्रांवर दुसऱ्यानेच अनेक कर्जे उचलली असतील किंवा बँकेने दावा लावला असेल, तर मदत घ्या, पण वकिलाची. पत्रव्यवहाराला वेळच नसेल आणि म्हणून एजन्सी हवीच असेल, तर करारात कोणत्या खात्याची कोणती नोंद बदलायची ते लिहून घ्या आणि नवा रिपोर्ट हातात आल्यावरच फी द्या. स्कोअरच्या आकड्याची हमी देणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. तो आकडा ठरवणे त्याच्या हातात नसते.

ओटीपी, नेट बँकिंगचा पासवर्ड, क्रेडिट रिपोर्टचे लॉगिन यांपैकी काहीही एजंटला देऊ नका. लॉगिन दिले असेल, तर पासवर्ड आजच बदला, नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना ते पाहा, आणि महिनाभराने रिपोर्टच्या ‘एन्क्वायरी’ (कर्जासाठी झालेली चौकशी) भागात तुम्ही न केलेले अर्ज दिसतात का ते तपासा. फसवून पैसे काढले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. फी घेऊन काम न करणाऱ्याविरुद्ध १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे मात्र डिलीट करू नका.