पहिले गेम इंजिन निवडताना या चुका टाळा

हौस म्हणून गेम करायला बसणाऱ्या माणसाचा पहिला महिना बहुधा युनिटी, अनरिअल आणि गोडो या गेम इंजिनांची, म्हणजे गेम तयार करण्याच्या सॉफ्टवेअरची, तुलना करणारे व्हिडिओ पाहण्यातच सरतो. त्या व्हिडिओंमध्ये ‘सर्वांत चांगले इंजिन कोणते’ याचा काथ्याकूट असतो. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून रात्री तासभर काम करणाऱ्या एकट्या माणसाला मात्र वेगळ्याच गोष्टी ठरवायच्या असतात: गेम द्विमितीय आहे की त्रिमितीय, तो कोणत्या संगणकावर तयार होणार आहे आणि खेळणारा तो कशावर उघडणार आहे.

गाजलेला गेम पाहून त्याचेच इंजिन घेणे ही सर्रास होणारी चूक आहे. २०१५ मध्ये आलेला ‘अंडरटेल’ गेममेकर या इंजिनमध्ये तयार झाला होता, तर ‘स्टारड्यू व्हॅली’ एक्सएनए या प्रोग्रॅमिंगच्या चौकटीवर (फ्रेमवर्कवर) लिहिला गेला आणि पुढे मोनोगेमवर नेला गेला. एक्सएनए आणि मोनोगेम या चौकटींमध्ये युनिटीसारखा दृश्य संपादक, म्हणजे माउसने वस्तू मांडून गेम रचण्याची खिडकीसुद्धा नाही. अशा उदाहरणांवरून त्या साधनाने काय शक्य आहे एवढे कळते, पण आपल्या टेबलावरच्या लॅपटॉपवर ते चालेल की नाही, हे कळत नाही. अनरिअल ५ साठी एपिक कंपनीने सुचवलेली रॅम ३२ जीबी आहे. ८ जीबी रॅम आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ते उघडले, तरी शेडर (पडद्यावरचे रंग आणि प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याची वाट पाहण्यातच संध्याकाळ जाते. शिवाय ब्राउझरमध्ये चालणारा गेम करण्याची अधिकृत सोय अनरिअल ५ मध्ये नाही, आणि मित्रांना नुसता दुवा पाठवून गेम खेळायला लावावा अशी ज्याची इच्छा आहे, त्याने हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

जुन्या लॅपटॉपवर गोडो अडखळत असेल किंवा उघडताच बंद पडत असेल, तर इंजिन बदलण्यापूर्वी रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, तपासावा. नवा प्रोजेक्ट करताना फॉरवर्ड प्लस, मोबाइल आणि कॉम्पॅटिबिलिटी असे तीन पर्याय समोर येतात. त्यांतला शेवटचा ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स प्रणालीवर चालतो आणि व्हल्कन ही नवी प्रणाली नीट न पेलणाऱ्या जुन्या ग्राफिक्ससाठी तोच घ्यायचा असतो. साध्या द्विमितीय गेमला त्याहून अधिक काही लागतही नाही.

आवृत्ती न पाहता ट्युटोरियल सुरू करणे ही चूक वरवर किरकोळ वाटते, पण माझ्या मते सर्वाधिक नवशिके इथेच हात टेकतात. गोडोची चौथी आवृत्ती (गोडो ४) मार्च २०२३ मध्ये आली आणि तिने गोडो ३ च्या कोडमधली बरीच नावे बदलली. जुन्या व्हिडिओतला ‘कायनेमॅटिकबॉडी२डी’ आता ‘कॅरेक्टरबॉडी२डी’ झाला आहे, ‘यील्ड’च्या जागी ‘अवेट’ आले आहे आणि ‘मूव्ह अँड स्लाइड’ या फंक्शनला पूर्वी कंसात वेग द्यावा लागे, तो आता पात्राच्या ‘व्हेलॉसिटी’ या गुणधर्मात आधी ठेवावा लागतो. व्हिडिओतला कोड अक्षरशः उतरवूनही लाल ओळी दिसू लागल्या, की शिकणाऱ्याला आपलीच बुद्धी कमी पडते असे वाटू लागते. वास्तविक अशा वेळी व्हिडिओची तारीख आणि संपादकाच्या खालच्या पट्टीतला आवृत्तीचा क्रमांक एवढेच आधी ताडून पाहायचे असते.

गेममध्ये मराठी मजकूर येणार असेल, तर आणखी एक चाचणी पहिल्याच दिवशी करावी, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये तिचा उल्लेखही नसतो. पडद्यावर एक लेबल ठेवून त्यात ‘किल्ला जिंकला’ असे लिहावे. युनिटीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या साधनामध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते आणि ‘ल्ल’ हे जोडाक्षर जुळण्याऐवजी पाय मोडलेला ‘ल’ आणि पूर्ण ‘ल’ असे सुटे दिसते. अनेक जण येथे फॉन्टला दोष देऊन एकामागून एक फॉन्ट बदलत राहतात. खरी उणीव अक्षरांची जुळणी करणाऱ्या यंत्रणेत आहे. गोडो ४ मध्ये ही जुळणी हार्फबझ या लायब्ररीकडून होते, त्यामुळे मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा फॉन्ट दिला, की मजकूर नीट दिसतो. गोडो ३ मध्ये तो दिसत नसे. युनिटीवरच ठाम असणाऱ्याने युनिटी ६ च्या यूआय टूलकिट या पडद्यावरची बटणे आणि मजकूर मांडणाऱ्या संचामधला ॲडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर हा पर्याय पाहावा.

परवान्याची आणि शुल्काची चिंता मात्र नवशिके गरजेपेक्षा जास्त करतात. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेले इन्स्टॉलमागचे शुल्क वर्षभराने मागे घेतले, अनरिअलची ५ टक्के रॉयल्टी गेमचे उत्पन्न १० लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर लागू होते आणि गोडो एमआयटी या मुक्त परवान्यामुळे पूर्णपणे मोफत आहे. हौशी माणसाच्या खिशाला खरा हात लागतो तो गूगल प्लेच्या एकरकमी २५ डॉलरमुळे, किंवा आयफोनचा गेम करायचा झाल्यास ॲपलच्या वार्षिक ९९ डॉलरमुळे आणि सोबत लागणाऱ्या मॅकमुळे.

अडचण आली की इंजिन बदलण्याची सवयही टाळावी, कारण बऱ्याच अडचणी सर्व इंजिनांत सारख्याच असतात. आपल्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर नीट पळणारे पात्र मित्राच्या १४४ हर्ट्झच्या पडद्यावर दुपटीहून अधिक वेगाने पळू लागले, तर प्रत्येक फ्रेमला स्थान बदलताना दोन फ्रेममधल्या वेळेने, म्हणजे डेल्टाने, गुणायचे राहिले असण्याची शक्यता फार मोठी आहे. युनिटीतून गोडोत गेल्याने हा दोष जात नाही. तो तिथेही तसाच उमटतो.

निवड पक्की करण्यापूर्वी त्या इंजिनात एक पडदा, एक पात्र आणि गुण मोजणारे एक लेबल एवढाच गेम करून तो बाहेर काढावा (एक्सपोर्ट करावा) आणि ज्या फोनवर किंवा ब्राउझरवर तो खेळला जाणार आहे तिथे प्रत्यक्ष चालवावा. संपादकात सुरळीत चालणारा गेम एक्सपोर्ट करतानाच अडतो, असे अनेकदा होते: गोडोमध्ये एक्सपोर्ट टेम्प्लेट (गेम बाहेर काढायला लागणाऱ्या तयार फाइलींचे संच) वेगळे उतरवून घ्यावे लागतात, आणि गोडो ४ मधल्या सी शार्प या भाषेत लिहिलेल्या प्रोजेक्टला ब्राउझरसाठी एक्सपोर्ट अधिकृतपणे उपलब्ध झालेले नसल्याने तिथे जीडीस्क्रिप्ट ही गोडोची स्वतःची भाषाच घ्यावी लागते. ब्राउझरसाठी काढलेली एचटीएमएल फाइल डबल क्लिक करून उघडल्यास गेम सुरू होत नाही, तेव्हा त्यात बिघाड आहे असे समजू नये. ती फाइल सर्व्हरमार्फत उघडावी लागते, आणि त्यासाठी संपादकातले ब्राउझरमध्ये चालवण्याचे बटण किंवा इच.आयओ या गेम ठेवण्याच्या संकेतस्थळावरचे खाजगी पान पुरेसे होते.