रात्रीचं जेवण साडेदहावरून आठवर कसं आणायचं

ऑफिस सुटायला सात, मग लोकल, उतरल्यावर भाजी, मग घरी येऊन कुकर, ताटं वाढेपर्यंत साडेदहा आणि अकराला आडवं. माझं कित्येक वर्षं हेच चालू होतं, सकाळी भूक म्हणून नसायची आणि मी म्हणायचो आपली प्रकृतीच तशी. तसं नसतं.

शरीरात घड्याळ एकच नाही. मेन घड्याळ मेंदूत, ते उजेडावर चालतं, पण लिव्हर, स्वादुपिंड, आतडी यांची आपापली घड्याळं असतात आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर लागतात. २०१७ च्या एका प्रयोगात तिन्ही जेवणं ५ तास उशिरा दिली तर रक्तातल्या साखरेचं चक्र साडेपाच तासांहून जास्त मागे सरकलं, मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली असं शरीराला सांगणारं हार्मोन, मात्र जागचं हललं नाही. म्हणजे मेंदू शटर ओढतोय आणि खाली गिऱ्हाईक उभंच. त्यात झोपेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन वाढायला लागतं आणि ते इन्सुलिनला आवर घालतं, म्हणून तोच वरणभात दुपारी खाल्ला तर साखर कमी चढते, रात्री जास्त.

आता करायचं काय, तर आधी रात्रीच्या जेवणाला हातच लावू नका, संध्याकाळचे सहा सांभाळा. चहा-बिस्किटाने काही होत नाही, मूठभर चणे-शेंगदाणे नाहीतर डब्यात एक पोळीभाजी जास्तीची. हे जमलं नाही तर पुढचं सगळं फुकट, कारण घरी आल्याआल्या माणूस दिसेल ते खातो. मग जेवण दर चार दिवसांनी वीसेक मिनिटं अलीकडे आणा. मी शहाणपणा करून एकदम आठला जेवलो होतो, अकराला फरसाणाचा डबा उघडला, झालं.

घरी पोचायलाच नऊ होत असतील तर खरं जेवण सहाच्या डब्यातच उरकायचं, घरी वाटीभर मुगाची खिचडी आणि ताक. आई म्हणेल हे काय जेवण झालं का, म्हणू दे. जैन शेजारी सूर्य मावळायच्या आत जेवून मोकळे होतात तेव्हा आपण हसायचो ना!

रविवारी नाश्ता रोजच्याच वेळेला करा, मिसळ असली तरी. अकराला उठून साडेबाराला नाश्ता केला की सोमवारी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

नाइट शिफ्टवाल्यांनी ड्युटीवर जायच्या आधी नीट जेवायचं आणि रात्री दोनचा वडापाव टाळायचा. २०२१ च्या एका प्रयोगात रात्रपाळीसारखं जागवून ज्यांना फक्त दिवसाच खायला दिलं त्यांची साखर रात्री खाणाऱ्यांसारखी वाढली नाही.

वजनाचं म्हणाल तर फार आशा धरू नका. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर झालेला अभ्यास २०२२ ला आला, सगळ्यांना कॅलरी कमीच, त्यातल्या निम्म्यांना फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायचं, शेवटी वजनात म्हणावा असा फरक नाही. वेळ बदलून ताटातलं तेवढंच राहिलं तर काटा हलेलच असं नाही.

आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा मगच वेळ हलवा, डोस जेवणाच्या हिशोबाने बांधलेला असतो, तो तसाच ठेवून जेवण सरकवलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते.