पोलवर स्किन ग्रिप कशी वाढवायची: आधी स्किन ओळखा, ग्रिपची बाटली नंतर

पोल डान्स शिकायला लागलं की पहिल्या महिन्यात सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, मी इतकी का घसरते? आणि त्यावर कोणीतरी लगेच एखाद्या ग्रिपच्या बाटलीचं, म्हणजे पकड यावी म्हणून अंगाला लावायच्या प्रॉडक्टचं, नाव सांगतं. मी पण तशीच एक घेतली होती, क्लासमधल्या मैत्रिणीला जबरदस्त चालायची म्हणून, आणि ती लावल्यावर मी आधीपेक्षा जास्त घसरायला लागले. नंतर कळलं की तिचे तळहात घामाने चिंब व्हायचे, माझी स्किन कोरडी ठाक, आणि ती बाटली घाम शोषणारी होती, म्हणजे माझ्या हातावर जो थोडाफार ओलावा होता तोही गेला. म्हणून सगळ्यात आधी तुमची स्किन कोरडी आहे की घामट ते बघा, कारण दोन्हीचे उपाय अगदी उलटे आहेत.

याचं कारण साधं आहे. स्किनमध्ये थोडा ओलावा असला की वरचा थर मऊ पडतो, पोलवर जास्त जागा धरून चिकटतो. एकदम कोरडी असली तर तो थर कडक राहतो आणि नुसता सरकतो. पण ओलावा फार झाला की मध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि त्यावरून आपण खाली. आपल्याला हवं ते या दोन्हीच्या मधलं.

तपासायचं कसं? पोल नीट पुसून घ्या आणि वॉर्मअपच्या आधी एकदा, मग पंधरा मिनिटं घाम गाळल्यावर पुन्हा एकदा तळहात पोलवर दाबून खाली ओढून बघा. हात कागदासारखा सरसर सरकला तर कोरडी, पोलवर ओला ठसा उमटला तर घामट. हेच मांडीच्या आतल्या बाजूने आणि गुडघ्यामागच्या लवणीने पण करा, कारण हात आणि अंग वेगवेगळं वागू शकतं. तळहातावर घामाच्या ग्रंथी खूप दाट असतात आणि टेन्शन आलं तरी त्या सुरू होतात, त्यामुळे हात ओले आणि मांड्या कोरड्या असं बऱ्याच जणींचं असतं, मग हाताला एक उपाय आणि पायाला दुसरा.

आता तयारी आदल्या रात्रीपासून. लोशन, तेल, बॉडी बटर जे काय लावायचं ते क्लास झाल्यावर किंवा आदल्या रात्री, क्लासच्या दिवशी काहीही नाही. पायाला सकाळी लावलेलं लोशन संध्याकाळी घामाबरोबर परत वर येतं आणि पोलला लागतं, मग तुमच्या नंतर येणारी पण घसरते. सनस्क्रीन, शिमर, मॉइश्चरायझिंग बॉडी वॉश यांचंही तेच. पण म्हणून मॉइश्चरायझर बंदच करून टाकायचं हे चूक आहे, कोरड्या स्किनवाल्यांनी तर रोज रात्री लावायलाच हवं. आठवड्यातून एकदा स्क्रब करा म्हणजे मृत थर निघून जातो. शेव्हिंग आदल्या दिवशी करा, त्याच दिवशी केलं तर पोलवर आणि अल्कोहोलने पुसताना चांगलंच झोंबतं.

मग पोल. अर्धी ग्रिप इथेच जाते असं माझं ठाम मत आहे. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरचं कापड, वरपासून खालपर्यंत, आणि एका ट्रिकनंतर पुन्हा. टॉवेल दोन ठेवा, एक पोलचा एक अंगाचा, अंगाच्या टॉवेलने पोल पुसला की अंगावरचं तेल त्याच्यावर गेलंच. पोल थंड असेल तर कितीही प्रॉडक्ट लावा, स्किन पकडत नाही, म्हणून सुरुवातीला हाताने आणि मांड्यांनी घासून, साधे स्पिन (पोलभोवती गिरकी) आणि क्लाइंब (पोलवर चढणं) करून तो गरम करा. अंगही तेवढंच गरम पाहिजे, वॉर्मअप उरकून टाकू नका.

पोल कशाचा आहे तेही विचारा. क्रोम सगळ्यात जास्त दिसतो आणि बहुतेकांना ठीक चालतो. ब्रास जास्त पकडतो, घामट हातांना बरा वाटतो. स्टेनलेस स्टील त्या मानाने निसरडा, पण निकेलची ॲलर्जी असेल तर क्रोमपेक्षा बरा, कारण क्रोमच्या खाली निकेलचा थर असतो. पावडर कोटिंगवाला भरपूर ग्रिप देतो. जाडीत ४५ मिमी सगळीकडे चालतो, हात लहान असतील तर ४० मिमीवर बोटं जास्त वळतात.

आता प्रॉडक्ट, पण थोडंच.

कोरडी स्किन असेल तर ओलावा द्यायचा. स्प्रे बाटलीतून पाण्याचा हलका फवारा मांडीवर आणि लवणीत मारून थोडा थांबा, एवढ्यानेही फरक पडतो. शेव्हिंग फोमचा छोटा गोळा चोळून पूर्ण जिरू देणं हा पोलवाल्यांचा जुना उपाय आहे, मला तो आजही आवडतो. ड्यू पॉइंटसारखे स्प्रे खास कोरड्या स्किनसाठीच येतात. आयटॅकसारखं मेणासारखं चिकट क्रीम अंगाला चांगलं बसतं पण पोलवर राहतं, म्हणून स्पिन करायच्या दिवशी तळहाताला नको आणि नंतर पोल स्वच्छ करून द्यायचा.

घामट असेल तर शोषायचं. लिक्विड चॉक (हातावर वाळून पांढरी पावडर उरते असा द्रव) किंवा ड्राय हँड्स नावाचं घाम शोषणारं लोशन, वाटाण्याएवढं, आणि पूर्ण वाळू द्यायचं, घाईत ओल्या हाताने पोल धरला की उलट काम होतं. हात आधी धुवून कोरडे करा, घामावर चॉक लावून चिखल होतो. ॲल्युमिनियम क्लोराइड असलेलं अँटीपर्स्पिरंट रात्री कोरड्या तळहाताला लावून झोपलं तर चांगलं काम करतं, लावल्यावर लगेच क्लासला गेलात तर नाही. हात दिवसभर टपटप गळत असतील तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, त्यावर उपचार आहेत, लाजायचं कारण नाही.

नवीन प्रॉडक्ट पहिल्यांदा कधीच उलटं लटकून ट्राय करू नका. आधी जमिनीजवळ, मॅट घालून, साध्या पोल सिटमध्ये, म्हणजे मांड्यांमध्ये पोल धरून बसण्यात.

आणि खूपदा जे ग्रिप कमी वाटतं ते खरं तर जागेचं चुकलेलं असतं. सिटमध्ये मांड्या एकमेकींवर घट्ट आवळून, पोल मांडीच्या वरच्या भागात, जिथे मांस आहे तिथे घ्यायचा. लेग हँगमध्ये, म्हणजे एका पायावर उलटं लटकताना, पोल लवणीत खोल गेला पाहिजे, पोटरीवर घेतला तर तो सरकणारच, आणि टाच नितंबाकडे ओढून धरायची. पोल कुशीत घेता तेव्हा टॉप वर सरकवा, कापडावर ग्रिप मिळत नाही. शॉर्ट्स छोट्या का घालतात असं लोक विचारतात, त्याचं कारण हेच, उघडी स्किन हाच आपला ब्रेक आहे. अंगठ्या, कडी, घड्याळ आधी काढून ठेवा.

हाताच्या ताकदीसाठी पोलवर किंवा बारवर लटकायचं, दहा-पंधरा सेकंद, तीन-चार वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. हात दमला की बोटं आपोआप उघडतात आणि आपण दोष घामाला देतो.

पहिले काही आठवडे मांडीला चिमटे बसतात, काळेनिळे डाग पडतात, आणि तिथलं दुखणं हळूहळू कमी होत जातं, पण तोपर्यंत एकाच जागी रोज रोज दाबू नका, डाग उतरू द्या. मुंग्या येणं, बधिर होणं किंवा सांध्यात कळ येणं हे मात्र सवयीने जाणारं दुखणं नाही, तिथे लगेच खाली उतरा.

क्लास संपला की पोल पुसा, अंगावरचं सगळं साबणाने धुवून टाका, आणि मग रात्री खुशाल लोशन लावा.