लाइव्ह पॅचची मार्गदर्शिका तपासताना

चालू लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, रीबूट न करता दुरुस्ती (लाइव्ह पॅच) घालण्याची सोय 2015 साली, 4.0 या आवृत्तीपासून, मूळ कर्नलमध्येच आली. अशी दुरुस्ती कशी करावी हे सांगणारी मार्गदर्शिका आपल्याकडे तपासणीला आली, तर भाषेकडे वळण्याआधी एक गोष्ट पाहावी: पॅच लोड होणे आणि पॅच पूर्णपणे लागू होणे यांतला फरक लेखकाने स्पष्ट केला आहे का?

4.12 आवृत्तीपासून कर्नल प्रत्येक टास्क (चालू असलेले काम) स्वतंत्रपणे नव्या कोडवर नेतो, आणि ज्या टास्कच्या स्टॅकवर (अर्धवट चाललेल्या फंक्शनांच्या नोंदीत) बदलायचे फंक्शन अजून आहे, तो टास्क त्यातून बाहेर पडेपर्यंत जुनाच कोड वापरत राहतो. त्यामुळे सिसएफएसमधील (कर्नलची स्थिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेतील) ‘एनेबल्ड’ फाइलीत 1 दिसला तरी ‘ट्रान्झिशन’ फाइलीत 0 येईपर्यंत काम संपलेले नसते. केवळ पहिली फाइल तपासायला सांगणारी मार्गदर्शिका परत पाठवावी, कारण तिच्यावर विसंबणारा ॲडमिन सुरक्षेची त्रुटी शिल्लक असतानाच निर्धास्त होईल. हे स्थित्यंतर (ट्रान्झिशन) रखडले, तर प्रोकएफएसमधील (टास्कांची माहिती फाइलींच्या रूपात देणाऱ्या व्यवस्थेतील) प्रत्येक टास्कच्या ‘पॅच_स्टेट’ फाइलीत पाहावे, आणि नवा पॅच घालताना जिथे 0 आहे तो टास्क मागे राहिला आहे असे समजावे, हेही तिच्यात असले पाहिजे.

‘फोर्स’चा, म्हणजे स्थित्यंतर सक्तीने संपवण्याच्या सोयीचा, उल्लेख विशेष बारकाईने वाचावा. रखडलेले स्थित्यंतर त्याने संपवता येते खरे, पण सुसंगतीची हमी जाते आणि पॅचचे मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड केलेला कोडचा तुकडा) नंतर काढता येत नाही. म्हणून हा इशारा कमांडच्या खाली नव्हे, तर तिच्या आधी हवा. स्थित्यंतर चालू असतानाच ‘एनेबल्ड’मध्ये 0 लिहून ते उलट फिरवता येते, हा सौम्य मार्ग पुष्कळदा लिहायचा राहून जातो.

यानंतर मार्गदर्शिकेतील प्रत्येक कमांड चाचणीच्या मशीनवर जशीच्या तशी चालवावी. कर्नलच्या सोर्समधील नमुना मॉड्यूल त्यासाठी सोयीचे आहे: ते लागू झाल्यावर ‘/प्रोक/सीएमडीलाइन’ या फाइलीचा मजकूर बदलतो, त्यामुळे परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. कर्नलची आवृत्ती सांगणारी ‘यूनेम’ ही कमांड मात्र जुनीच आवृत्ती दाखवत राहते आणि रीबूटनंतर पॅच आपोआप टिकत नाही. तो पुन्हा कसा लोड होणार, हे लिहिलेले नसेल तर लेखकाकडून लिहून घ्यावे.