वाड्यावर डोळ्यांचे विज्ञान कसे न्यावे

विद्यापीठात डोळ्यांच्या आजारांवर काय शोध चालला आहे ते गावात सांगायचे असेल, तर प्रोजेक्टर घरीच ठेवा. आपल्याकडे गोव्यात याची गरज मोठी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. शुगर चढती राहिली की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आणि सुरुवातीला ना दुखते, ना दिसण्यात फरक पडतो.

चवथ, शिगमो (शिमगा) आणि भातलावणीचे दिवस टाळा. देवळाच्या मंडपात भजनाआधीचा तास सर्वांत बरा, कारण माणसे आपणहून जमलेली असतात. बोलणे घरच्या कोकणीत ठेवा, हातात द्यायचा कागद मराठीत.

सुरुवात कार्डाने करा. जाड कागदावर डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फक्त फुलीकडे बघायचे आणि कार्ड हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणायचे. साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होतो. आमच्या वाड्यावरच्या एका आजीने कार्ड उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा डोळा झाकला, आणि तिसऱ्यांदा ठिपका गेल्यावर सुनेला हाक मारली, "गो, हांगा यो!" (अगं, इकडे ये!)

ही हाक आली की मग सांगा. मेंदूकडे जाणारी नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे पडद्याला दिसत नाही, पण मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. काचबिंदूतही असेच फसायला होते. त्या नसेतले सुमारे १० लाख तंतू हळूहळू मरत जातात, नजर सहसा कडेने कमी होते, आणि माणसाला वाटते सगळे ठीक आहे.

नंतर भिंग काढा. उजेडाच्या दाराकडे भिंग धरा, मागे पांढरा कागद पुढे-मागे सरकवा. दार कागदावर उलटे उमटते. भिंगावर बटर पेपर धरला की चित्र धुरकटते. हा मोतीबिंदू. डोळ्यातले भिंग बदलता येते, म्हणून शस्त्रक्रियेने नजर परत येते. पण मेलेली नस आज कोणालाच परत जोडता येत नाही, आणि प्रयोगशाळांची झटापट चालली आहे ती इथेच.

शोधाची बातमी सांगताना तो कुठवर आलाय हे आधी सांगा: पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? २०१७ साली अमेरिकेत आरपीई६५ या जनुकातल्या दोषामुळे येणाऱ्या अंधत्वावर जनुकीय उपचाराला मंजुरी मिळाली. केवढी मोठी गोष्ट! पण ती त्याच दोषापुरती आहे. नातवासाठी आस लावून बसलेल्या माणसासमोर हे वाक्य गाळू नका.

कोणाचा डोळा पाहून निदान करू नका. शुगरवाल्यांना वर्षातून एकदा पडदा तपासायला पाठवा. घरात काचबिंदू असेल, तर भावंडांना आणि मुलांनाही. अभ्यासासाठी कोणाची माहिती हवी असेल तर संमतीपत्र वाचून दाखवा. नको म्हणता येते, मधेच बाहेरही पडता येते, हे सही घेण्याआधी सांगा.

शेवटचा अर्धा तास लोकांचा. प्रश्न वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवा, उत्तर येत नसेल तर तसे म्हणा. पुढच्या पंधरवड्यात तीच वही घेऊन त्याच मंडपात जा.